पाण्यात उतरण्याआधीच बुडालेलं जहाज: ब्रेमनच्या कॉगचं प्रकरण

८ ऑक्टोबर १९६२. उत्तर जर्मनीतल्या ब्रेमन शहराजवळ वेझर नदीत एक ड्रेजर काठ कापत होता. बंदरासाठी पात्र रुंद करायचं काम चालू होतं. काठाची वाळू सरकली आणि पाण्यातून एका लाकडी जहाजाची बाजू वर आली. नदीत जुनी लाकडं सापडण्यात नवल नव्हतं. कुणी मनावर घेतलं नसतं तर पुढच्या चार-सहा दिवसांत ड्रेजरनं त्याचा चुराडा केला असता आणि ब्रेमनकरांना पत्ताही लागला नसता.

मनावर घेतलं गेलं. शहरातल्या फोके संग्रहालयात झिगफ्रीड फ्लीडनर नावाचे कलेतिहासाचे अभ्यासक होते. ते पाहायला आले आणि हे हान्झा काळातलं कॉग आहे असं त्यांनी सांगितलं. कॉग म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाचं, हान्झाचं, मालवाहू गलबत. बिअर, मीठ, धान्य, लाकूड, खारवलेला मासा असा माल घेऊन ही गलबतं बाल्टिक आणि उत्तर समुद्रात फिरत. कागदोपत्री त्यांचा उल्लेख जागोजागी आहे, पण तोवर अख्खं कॉग कुणीच पाहिलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून हे जहाज लोकांना नीट बघायला मिळेपर्यंत २००० साल उजाडलं. म्हणजे ३८ वर्षं. जहाज पाण्याबाहेर काढायला त्यातली जेमतेम तीन लागली. उरलेली पस्तीस कुठे गेली, हाच या प्रकरणातला खरा मुद्दा आहे.

शिक्क्यावरचं चित्र

न पाहिलेली गोष्ट फ्लीडनरना ओळखता कशी आली? त्याचं उत्तर मेणात आहे. हान्झाची बंदरं आपल्या शहराच्या शिक्क्यावर जहाज कोरत. बाल्टिक किनाऱ्यावरच्या श्ट्रालझुंड शहराचा १३२९चा शिक्का त्यातला सगळ्यात बोलका. त्यावरच्या जहाजाच्या बाजूच्या फळ्या घराच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या आहेत. पुढचा आणि मागचा खांब गोलाईदार नसून सरळ, तिरका उभा आहे. सुकाणू मागच्या खांबाला मधोमध लावलेलं आहे आणि मागच्या बाजूला माच्यासारखा एक चौथरा आहे. १९५०च्या दशकात जर्मन अभ्यासकांनी अशा शिक्क्यांवरून कॉगची लक्षणं ठरवून ठेवली होती. वेझरच्या वाळूतून जे डोकावत होतं त्यात हीच लक्षणं दिसत होती.

शिक्का हातात मावेल एवढा, त्यामुळे कोरणाऱ्यानं जहाज आखडून, फुगवून बसवलेलं असणार. तरीही चित्राला प्रत्यक्षाचा पुरावा मिळाला. आपल्याकडे याच्या उलट घडलं आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या गलबतावरून गोव्यात शिवणीचं जहाज बांधलं गेलं आणि २०२५मध्ये आयएनएस कौंडिण्य या नावानं ते नौदलात दाखल झालं. तिथे चित्र होतं, पण सांगाडा नव्हता. म्हणून बांधणाऱ्यांना पुष्कळ गोष्टी स्वतःच्या अनुभवातून भराव्या लागल्या. ब्रेमनमध्ये सांगाडा मिळाला, पण तो नीट जपण्याची रीत तेव्हा कुणालाच पुरती ठाऊक नव्हती.

नदी थांबत नाही

पहिला विचार साहजिकच असा येतो की जहाज अख्खं उचलावं. आदल्याच वर्षी, एप्रिल १९६१मध्ये, स्वीडननं वासा ही सतराव्या शतकातली युद्धनौका स्टॉकहोमच्या बंदरातून अखंड वर काढली होती आणि साऱ्या युरोपात तिचा बोलबाला होता. ब्रेमनमध्ये ते जमण्यासारखं नव्हतं. कॉगच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि पाचएकशे ऐंशी वर्षांत ते खिळे गंजून संपले होते. जहाजाचा आकार टिकला होता तो भोवतीच्या वाळूच्या आधारावर. वाळू काढली की आधार जाणार आणि फळ्या पत्त्यांच्या घरासारख्या कोसळणार.

म्हणून एकेक फळी सुटी करून वर आणायचं ठरलं. माझ्या मते तो निर्णय नव्हता, नाइलाज होता. पण पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं. पाणबुडे गढूळ, गार पाण्यात उतरत. भरती-ओहोटीचा प्रवाह ब्रेमनपर्यंत पोचतो, त्यामुळे काम करायला मिळणारा वेळ मोजका. पाण्यात काही दिसत नसे, हात फिरवून चाचपायचं. त्यात १९६२-६३चा हिवाळा युरोपातल्या त्या शतकातल्या सर्वांत कडक हिवाळ्यांपैकी होता. या साऱ्या कामाच्या नोंदी ठेवण्यात फोके संग्रहालयाच्या रोझमरी पोल-वेबर यांचा मोठा वाटा आहे. कोणता तुकडा कुठून निघाला याची खूण नसेल तर वर येतात ती नुसती सरपणाची लाकडं.

तरीही बरंच काही नदीत राहून गेलं होतं. १९६५मध्ये त्यासाठी कार्ल श्ट्रात हे डायव्हिंग बेलचं जहाज आणलं. पालथी वाटी सरळ पाण्यात दाबली तर आतली हवा आतच राहते, तीच युक्ती मोठ्या पोलादी पेटीवर. पेटी नदीच्या तळाला टेकवायची, दाबाखाली हवा सोडून आतलं पाणी बाहेर ढकलायचं, मग माणसं आत उतरून तळावर कोरड्या पायांनी चालत शोध घेऊ शकतात. जहाजाच्या जागेभोवतीचा तळ अशा रीतीनं पट्ट्यापट्ट्यानं धुंडाळला गेला. शेवटी सगळे मिळून सुमारे २००० तुकडे हाती आले.

तेव्हाच्या दुसऱ्या एका खोदकामाशी याची तुलना करून पाहावीशी वाटते. त्याच १९६२च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमध्ये रोस्किल्दे शहराजवळच्या खाडीत, स्कुल्देलेव इथे, अकराव्या शतकातली पाच जहाजं सापडलेल्या जागेभोवती पत्र्याची भिंत ठोकून आतलं पाणी उपसलं गेलं आणि चार महिन्यांत कोरड्यात खोदकाम पुरं झालं. तिथल्या पुरातत्त्वज्ञांना जहाजं आधीपासून माहीत होती, तयारीला वर्षं मिळाली होती. ब्रेमनला ती सवड नव्हती. नदी वाहती होती, रहदारी चालू होती आणि ड्रेजरही पुन्हा कामाला लागायची वाट बघत होता.

भिजलेलं लाकूड का वाळवू नये

वर आलेल्या ओकच्या फळ्या बघणाऱ्याला घट्ट, काळ्या, चांगल्या वाटत. हीच फसगत. शतकानुशतकं पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या पेशींतला बराचसा भाग जिवाणूंनी खाल्लेला असतो आणि रिकाम्या जागेत पाणी भरलेलं असतं. पाणीच त्या फळीचा आकार धरून ठेवतं. ती उन्हात टाकली की पाणी उडतं, पोकळ पेशी चेपल्या जातात, लाकूड आक्रसतं, वळतं, फुटतं. एकदा असं झालं की मागे फिरता येत नाही.

कॉगच्या बाबतीत दोन गोष्टी मात्र बऱ्या होत्या. ब्रेमनजवळ वेझर गोडी आहे, त्यामुळे खाऱ्या पाण्यातला लाकूड पोखरणारा जहाजकिडा तिथे नसतो. शिवाय वाळूत गाडलेल्या भागाला हवा कमी लागली होती. जहाजाचा उजवा अंग मागच्या चौथऱ्यापर्यंत जवळपास पुरा शिल्लक राहिला. डाव्या अंगाचा फक्त खालचा भाग मिळाला.

आता खरा प्रश्न आला: लाकूड टिकवायचं आधी की जहाज जोडायचं आधी? स्कुल्देलेवला त्यांनी तुकडे सुटेच ठेवले, रसायनात भिजवले, वाळवले आणि मग लोखंडी चौकटीवर बसवले. वासा अखंड होती, तिच्यावर १९६२पासून १९७९पर्यंत रसायनाची फवारणी झाली. ब्रेमनच्या कॉगसाठी तिसरी वाट निवडली गेली. आधी ओल्या तुकड्यांतून पूर्ण जहाज जोडायचं, मग ते अख्खं जहाज टाकीत बुडवायचं.

याच्या मागचा तर्क सरळ आहे. रसायन भरून वाळलेली फळी कडक होते, ती जशी वळली असेल तशीच राहते. सुट्या वाळवलेल्या फळ्यांपैकी प्रत्येक फळी थोडी थोडी वेगळी आक्रसली तर शेजारणीशी तिची भोकं जुळणार नाहीत. ओली फळी मात्र थोडी तरी वाकते, ओढून जागेवर आणता येते. चारशे मिलिमीटरच्या नमुन्यावर हा फरक कुणी मोजणारही नाही. सात-आठ मीटरच्या फळीवर मात्र तो फरक जोडणी होणार की नाही हेच ठरवतो. या तर्काची किंमत मात्र मोठी होती. जोडणी जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं प्रत्येक फळी ओली राहिली पाहिजे, आणि एवढं जहाज मावेल अशी टाकी नंतर बांधावी लागणार.

लान यांचं कोडं

तुकडे आधी ब्रेमनमध्ये पाण्याच्या टाक्यांत ठेवले होते. १९७२मध्ये ते साठ किलोमीटर खाली, वेझरच्या मुखाशी असलेल्या ब्रेमरहाफनला हलवले. तिथे राष्ट्रीय पातळीचं सागरी संग्रहालय उभं राहत होतं. इमारतीचा आराखडा हान्स शारून यांचा, ज्यांनी बर्लिनचं फिलहार्मोनी हे संगीतगृह बांधलं. १९७५मध्ये संग्रहालय उघडलं आणि त्यात कॉगसाठी खास दालन होतं. जहाजासाठी घर बांधलं जातंय आणि घरात जहाज बांधलं जातंय, असं दोन्ही एकाच वेळी चाललं होतं.

जोडणीची सूत्रं वेर्नर लान यांच्या हाती दिली गेली. लान हे नावाजलेले बोटबांधणीचे कारागीर होते, प्राध्यापक नव्हते. मला या प्रकरणातली सगळ्यात शहाणी नेमणूक ही वाटते. फळ्या कुठे लागतात हे कागदावर सांगणारे पुष्कळ असतात. फळी हातात घेतल्यावर ती कुठे जायला मागते हे कळायला आयुष्यभर हातोडा चालवलेला असावा लागतो.

दालनातली हवा जवळजवळ शंभर टक्के दमट ठेवलेली, वरून सतत पाण्याचा तुषार. मुंबईच्या जुलै महिन्याची कल्पना करा, फक्त थंडगार आणि सात वर्षं न थांबणारी. त्यात लान आणि त्यांचे सहकारी तुकडे जुळवत होते. त्यांना दिशा दाखवायला खिळ्यांची भोकं होती. प्रत्येक फळीच्या काठावर गंजलेल्या खिळ्यांच्या जागा शिल्लक होत्या, आणि वरच्या फळीची भोकं खालच्या फळीच्या भोकांशी जुळली तरच जोड बरोबर. दोन हजार तुकड्यांच्या या कोड्याची खूण बांधणाऱ्यांनी सहा शतकांपूर्वीच करून ठेवली होती.

मूळ जहाजात खिळा दोन फळ्यांतून आरपार ठोकून त्याचं टोक दोनदा वळवून परत लाकडात घुसवलं होतं. लान यांनी लोखंड वापरलं नाही. ओल्या लाकडात आणि पुढे येणाऱ्या रसायनात लोखंड गंजलं असतं आणि गंज लाकूड खातो. त्यांनी जुन्याच भोकांत लाकडी खुंट्या बसवल्या. म्हणजे जिथे जिथे मध्ययुगीन लोहाराचा खिळा होता, तिथे तिथे विसाव्या शतकातली खुंटी आहे. दिसायला जहाज तेच, पण जोड वेगळा. बांधणीची पद्धत बदलणं कितपत बरोबर, यावर दोन मतं असू शकतात. मला विचाराल तर दुसरा पर्याय नव्हता.

जोडणी १९७९मध्ये पुरी झाली. नियोजन बघता हे आधी व्हायला हवं होतं असं वाटू शकतं. पण त्या दालनात उभं राहून एकेक फळी फिरवणाऱ्यांना ते तसं वाटलं नसणार.

जहाजानं काय सांगितलं

जोडल्यानंतर माप कळलं. लांबी सुमारे २३.३ मीटर, रुंदी ७.६ मीटरच्या आसपास, पोटात ८० ते ९० टन माल. रुंद, उंच आणि आतून जवळपास पोकळ, एखाद्या तरंगत्या कोठारासारखं. त्याचा तळ मधल्या भागात सपाट आहे. तिथल्या फळ्या एकमेकींवर चढलेल्या नाहीत, कडेला कड भिडवून बसवल्या आहेत. बाजूंना मात्र फळ्या एकीवर एक. सपाट तळाचा उपयोग कोकणातल्या खाडीत होडी चालवणाऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही: ओहोटीला जहाज चिखलावर सरळ बसतं, माल उतरवता येतो, भरती आली की निघायचं. त्या काळच्या पुष्कळ बंदरांत धक्के नव्हते.

फळ्या ओकच्या, जाड, काही जवळपास ६० सेंटिमीटर रुंद आणि करवतीनं कापलेल्या. वायकिंगांच्या परंपरेत लाकूड पाचरीनं चिरून फळ्या काढत, त्यामुळे त्या हलक्या आणि लवचिक असत. करवतीची फळी जड पण मोठी. एवढ्या रुंद फळ्या मोठ्या ओकांशिवाय निघत नाहीत. फळ्यांच्या सांध्यांत मॉस, म्हणजे जंगलातली शेवाळासारखी मऊ वनस्पती, भरलेली होती. त्यावर एक लाकडी पट्टी आणि ती पट्टी धरायला लोखंडाचे छोटे फुलपाखरी चिमटे, जागोजागी ठोकलेले. आपल्याकडे होड्यांच्या फटीत कापूस आणि राळ भरतात, त्याचीच ही तिकडची रीत. या चिमट्यांचा आकार शतकागणिक बदलत गेला. म्हणून हल्ली गाळात नुसते चिमटे सापडले तरी अभ्यासक जहाजाचं वय सांगू शकतात.

आत आडवे ओकचे वासे आहेत. त्यांची टोकं बाजूच्या फळ्यांतून बाहेर आलेली दिसतात. मागच्या चौथऱ्यावर नांगर ओढायचा उभा रहाट आहे, खालच्या डेकवर आडवा रहाट. आणि चौथऱ्याच्या कोपऱ्यात जहाजावरचा शौचकूप. सापडलेल्या जहाजांपैकी सर्वांत जुना असं त्याबद्दल सांगितलं जातं. शिक्क्यावर अर्थातच तो कोरलेला नाही.

लाकडाच्या वर्तुळांवरून झाडं १३७८मध्ये तोडली गेली हे समजलं. वर्तुळांची रुंदी दर वर्षी हवामानानुसार बदलते, त्या क्रमाची नोंद असलेल्या पट्ट्याशी जुळवलं की साल निघतं. झाडाची सर्वांत बाहेरची वर्तुळं शाबूत असतील तर ते अगदी नेमकं निघतं. ही झाडं ब्रेमनच्या परिसरातली नव्हती, वेझर नदीच्या वरच्या अंगाच्या हेसेनच्या डोंगराळ भागातली होती. म्हणजे ओक तोडून नदीतून तरंगत शहरात आणले गेले आणि १३८०च्या आसपास तिथेच जहाजाला आकार मिळाला. ब्रेमन १३५८मध्येच हान्झात परत सामील झालं होतं, व्यापार वाढत होता, जहाजं लागत होती.

मग या जहाजाचं काय झालं? त्यात माल नव्हता. प्रवासाची झीज नव्हती. आत सुतारकामाची अवजारं आणि डांबराचं एक पिंप सापडलं. मागच्या चौथऱ्याचं काम पुरं झालेलं नव्हतं. निष्कर्ष असा की बांधकामाच्या शेवटच्या टप्प्यात नदीला मोठा पूर किंवा वादळी लाट आली, जहाज आपल्या जागेवरून सुटलं, वाहत खाली गेलं आणि बुडालं. पहिल्या प्रवासाला निघण्याआधीच. मला या गोष्टीत त्या सुतारांची आठवण येते. त्यांचं वर्षभराचं काम एका रात्रीत खाली गेलं आणि अवजारंही. धन्याचं नुकसान झालं असेल, पण हत्यार गेलेल्या सुताराचं पोटच गेलं असणार.

आठशे घनमीटरची टाकी

१९७९मध्ये उभं असलेलं जहाज अजून ओलंच होतं. दरवाजे बंद करून हवा दमट ठेवणं चालू होतं. आता ते बुडवायचं होतं. जहाजाभोवती पोलादी टाकी उभारली गेली, साधारण आठशे घनमीटरची, आणि तिला खिडक्या ठेवल्या म्हणजे संग्रहालयात आलेल्यांना आत डोकावता यावं. १९८२पासून १९९९पर्यंत लोक तिकिटं काढून काचेतून द्रावणात बसलेलं जहाज बघत होते.

द्रावणात पॉलिएथिलीन ग्लायकॉल, थोडक्यात पेग. औषधी मलमात हा पदार्थ नेहमी असतो. तो पाण्यात विरघळतो, लाकडाच्या पेशींत पाण्याची जागा घेतो आणि वाळल्यावर पेशींना चेपू देत नाही. पण तो एकाच प्रकारचा नसतो. लहान रेणूंचा पेग पातळ द्रव, मोठ्या रेणूंचा मेणासारखा घट्ट.

या प्रक्रियेची आखणी करणारे रसायनज्ञ पेर हॉफमान यांनी जो मुद्दा पकडला तो मला फार आवडतो. ओकच्या एकाच फळीत दोन लाकडं असतात. बाहेरचा थर पोकळ, मऊ, पाण्यानं भरलेला. आतला गाभा अजून घट्ट, जवळजवळ ताज्या लाकडासारखा. मोठा रेणू गाभ्याच्या पेशींच्या भिंतीत शिरू शकत नाही, लहान रेणू बाहेरच्या मऊ थराला बळ देऊ शकत नाही. म्हणून दोन स्नानं. पहिलं लहान रेणूचं, जे सावकाश गाभ्यापर्यंत पोचेल. दुसरं मोठ्या रेणूचं, जे बाहेरच्या रिकाम्या पेशी भरेल. पहिलं १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चाललं. मग द्रावण बदललं आणि दुसरं १९९९पर्यंत. मेणासारखा पेग द्रावणात चांगला शिरावा म्हणून दुसऱ्या वेळी टाकी गरम ठेवावी लागली. आठशे घनमीटर गरम द्रव वर्षानुवर्षं. विजेचं बिल किती आलं असेल याचा विचार माझ्या मनात येतोच, पण तो आकडा इथे कामाचा नाही.

१९९९मध्ये टाकी रिकामी झाली, जहाजावर चढलेला पेगचा थर साफ केला गेला आणि १७ मे २००० रोजी जहाज कोरडं, उघडं, सगळ्यांसमोर उभं राहिलं.

वाळल्यावरचं दुखणं

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण वाळलेल्या जहाजानं नवा प्रश्न उभा केला. प्रेक्षकांना सगळ्या बाजूंनी दिसावं म्हणून जहाज दांड्यांनी दालनाच्या छताला टांगलेलं होतं. टाकीत असताना द्रवानं त्याचं वजन उचललं होतं. बाहेर आल्यावर संपूर्ण भार लाकडावर आणि दांड्यांवर आला. पेग भरलेलं लाकूड कोरड्या ओकइतकं कणखर नसतं. भार सतत राहिला तर ते सावकाश वाकत जातं. बाजू पसरायला लागल्या, आकार हलायला लागला. मग आधाराची पुन्हा आखणी झाली आणि मापं घेण्याची शिस्त लागली. आज ते संग्रहालय जर्मनीतल्या लायब्निट्झ या संशोधनसंस्थांच्या संघाचं सदस्य आहे आणि जहाजाचा आकार लेसर आणि छायाचित्रमापनानं तपासत असतं, फळी किती सरकली हे मिलिमीटरात.

या भागात मला त्या पहिल्या ठरावाकडे परत जावंसं वाटतं. आधी जोडा, मग टिकवा. त्यामुळे भोकं जुळली, आकार शुद्ध मिळाला आणि २३ मीटरचं अखंड जहाज उभं राहिलं. पण त्याच कारणानं सगळी जोडणी ओल्या लाकडाच्या बळावर मोजून झाली आणि वाळल्यावर तिच्यावर किती ताण येईल हे आधी कळायला मार्ग नव्हता. स्कुल्देलेवसारखं आतून लोखंडी चौकट ठेवली असती तर आकार टिकला असता, पण जहाज चौकटीवर टांगलेल्या सालीसारखं दिसलं असतं. मी ब्रेमनच्या बाजूनं आहे, तरीही आधाराचा विचार शेवटी नको, सुरुवातीलाच व्हायला हवा होता असं वाटतं.

पुढे इतरांनी काय केलं ते पाहिलं की ब्रेमनची अडचण जास्त उघड होते. नेदरलँड्समध्ये कॅम्पन शहराजवळ आयसेल नदीत पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं एक कॉग सापडलं. ते १० फेब्रुवारी २०१६ रोजी पट्ट्यांच्या झोळीत घालून एका दिवसात अख्खं वर काढलं. पण ते लेलिस्टाडला नेऊन टिकवायचं काम मात्र तसंच, वर्षानुवर्षं.

उरलेल्या जागा

वेझरमध्ये डोलकाठी सापडली नाही, शीड नाही, दोर नाहीत. हे जहाज कधी समुद्रात गेलंच नव्हतं, त्यामुळे त्यावरून ते कसं चालत असे हे कळायला मार्ग नव्हता. प्रतिकृती बांधणं हा त्यावरचा उपाय. १९९०च्या आसपास दोन प्रतिकृती पाण्यात उतरल्या. एक कील शहरातली, मध्ययुगीन हत्यारांशी जितकं जवळ राहता येईल तितकं राहून बांधलेली, आणि दुसरी ब्रेमरहाफनची उबेना फॉन ब्रेमन. एकाच चौकोनी शिडावर दोन्ही चालतात. शिडाचा आकार आणि दोरांची मांडणी शिक्क्यांवरून आणि जुन्या चित्रांवरून घेतली. वाऱ्याच्या अंगाशी नाव धरणं हे त्यांना जमत नाही. वारा पाठीमागून किंवा बाजूनं असला की छान चालतात. पुढून आला की थांबावं लागतं. हान्झाच्या व्यापाऱ्यांच्या पत्रांतून बंदरात वाऱ्याची वाट बघत अडकलेल्या जहाजांचा उल्लेख येतो तो का, हे प्रतिकृतींच्या चालीवरून पटतं.

मूळ जहाजात मात्र लान यांच्या चमूनं न सापडलेला डावा भाग नव्या लाकडानं भरून दाखवला नाही. दालनात उजवीकडून पाहिलं की जहाज पूर्ण दिसतं, चौथऱ्यापर्यंत. डावीकडे आलात की बाजू अर्ध्यावर संपते आणि आतले वासे, सांधे, खुंट्या उघड्या दिसतात. मला ही बाजू जास्त आवडते.

तिसरी प्रतिकृती, रोलांड फॉन ब्रेमन, २०००च्या सुमारास ब्रेमनमध्ये बांधली गेली आणि वेझरच्या काठीच नांगरून ठेवलेली असे. २०१४मध्ये ती तिथल्या तिथे, बांधलेल्या जागी, बुडाली. तिला वर काढून पुन्हा दुरुस्त करण्यात आलं.